बाबांच्या मापाचं बुजगावणं

माझी एक भाची पुण्याला असते. ऑक्टोबर संपत आला की तिच्या सोसायटीत हॅलोवीन नावाचा प्रकार चालतो. दारात भोपळे मांडायचे, हाडांचे सापळे टांगायचे, गवत भरलेली माणसं उभी करायची. मागच्या वर्षी तिने व्हिडिओ कॉल करून त्यांचं असलं एक माणूस दाखवलं आणि विचारलं, "मावशी, कसं झालंय?" मी पाहिलं. खांदे उतरलेले, मान लुळी, काखेतली शिलाई उसवून गवत बाहेर आलेलं. म्हटलं, "उद्यापर्यंत तरी उभं राहील का हे?" ती हसली. "अगं, एका संध्याकाळपुरतंच तर लागतं!"

एका संध्याकाळपुरतं! मला तर कुणी एका संध्याकाळपुरतं ब्लाऊज शिवून मागितलं तरी मी त्या बाईला दारातून परत पाठवीन. माझं बुजगावणं सहा पावसाळे अंगावर घेऊन उभं आहे. दोनदा डुकरांनी धडक दिली, एकदा ट्रॅक्टरचं चाक पायावरून गेलं, तरी उभंच.

मी मूळची केनवडची. लग्न होऊन मेडशीकडच्या एका खेड्यात आले. शिलाई मशीन माहेराहून सोबत आणली आणि रागही सोबतच आणला, असं आमच्या घरी म्हणतात. म्हणू देत. उलटी बाही लावलेली दिसली की मला राग येतो, आणि तो यायलाच पाहिजे.

आमच्या शिवारात पावसाळ्यात सोयाबीन, त्यात तूर, मागून हरभरा. यातलं काहीही पेरा, खाणारे आधीच ताट मांडून बसलेले. रोही, म्हणजे नीलगायी, येतात, डुकरं येतात, वांदरं येतात. त्यांना भिववायला गावात जी बुजगावणी उभी असायची ती पाहून मलाच लाज वाटायची. दोन काड्या आडव्याउभ्या बांधल्या, वर फाटकी बनियन घातली, डोक्याला मडकं पालथं घातलं, झालं काम. वांदरं त्या आडव्या काडीवर बसून एकमेकांच्या उवा पाहायची.

म्हणून मी ठरवलं, आपण करू. माझं पहिलं बुजगावणं दिसायला राजबिंडं होतं. पोट चांगलं भरीव झालं पाहिजे म्हणून मी त्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, ठासून भरलं. घरात कुटाराचा ढीग पडला होता, दुसरं काही सुचलंच नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन पाहते तर आमचीच गाय दोरी तोडून आलेली, आणि बुजगावण्याचं पोट फाडून निवांत खात उभी. करायला गेले गणपती, झाला मारुती! नवऱ्याने गावभर सांगितलं, की आमच्या हिनं गायीसाठी उभी गव्हाण शिवली. आठ दिवस बायका मशीनवर ब्लाऊज टाकायला यायच्या आणि आधी पोट धरून हसायच्या.

त्या हसण्याने मी पेटले. पुढचं बुजगावणं असं केलं की खाणाऱ्याला त्यात काही मिळू नये आणि कुजणाऱ्याला काही सापडू नये. जमिनीत लोखंडी नळी ठोकली. तिच्यावर प्लॅस्टिकच्या पाइपाचा सांगाडा बसवला. सुतळी दोन पावसात सडते, म्हणून सगळे सांधे मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळले. पोटात खताच्या रिकाम्या पोत्यांच्या पट्ट्या आणि माझ्याकडच्या कापडाच्या कतरना, त्याही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. पायाला खाली भोकं पाडली, पाणी साचू नये म्हणून. डोकं म्हणजे तेलाची पाच लिटरची कॅन, तिच्यावर ऑइलपेंटने रंगवलेला चेहरा. हाताच्या कोपरात मोटरसायकलची क्लचवायर घातली, म्हणजे वारा आला की हात हलतो. सदरा पोत्याच्या दाभणाने आणि नायलॉनच्या दोऱ्याने सांगाड्यालाच शिवून टाकला. टोपी कॅनला शिवली. आता ये म्हटलं वादळा.

कपड्यांचं मात्र एक शास्त्र आहे. धुतलेला कपडा बुजगावण्याला चालत नाही. माणसाचा घामाचा वास असला तर जनावर बिचकतं. तोही आठपंधरा दिवसांत उडतो, म्हणून टाके उसवून सदरा सारखा बदलत राहावा लागतो. आता आमच्या घरात अंगातून काढलेला सदरा धुवायला टाकायच्या आधी पळवायचा, असा एकच माणूस सापडण्यासारखा होता. माझे सासरे. आम्ही त्यांना बाबाच म्हणतो.

बाबा आधी जाम भडकले. "माह्या आंगातला सदरा त्याले? मी अजून जित्ता हाव ना वं बाई!"

"जित्ते आहात म्हणूनच तर पाहिजे," मी म्हटलं. "मेलेल्या माणसाला कोणता रोही भिते?"

हे त्यांना पटलं. नुसतं पटलं नाही, चढलंच. आपल्या वासाने रोही पळतात हे ते पारावर सांगू लागले. पुढे पुढे तर दर पंधरवड्याला स्वतःच सदरा काढून माझ्या मशीनवर आणून टाकायचे. "घे. यात लय दम हाय."

बाबांची मापं माझ्या वहीत होतीच. छाती, खांदा, बाहीची लांबी, सगळं. मला हात बसलाय तो मापाने शिवायचा, त्यामुळे सांगाडाही त्यांच्याच मापाचा झाला. त्यात पाइप उन्हात पडून कमरेत जरा वाकला होता. बाबांचा डावा गुडघा दुखतो, ते उभे राहतात ते उजवीकडे कलून. बुजगावणंही नेमकं तसंच कललं. खांद्यावर त्यांचा जुना दुपट्टा टाकला आणि पांधणीवर, म्हणजे शेताकडच्या वाटेवर, जाऊन मागे वळून पाहिलं, तर मीच डोक्यावरचा पदर सारखा केला.

मग जी धमाल सुरू झाली! पांधणीने जाणारे लोक शेताकडे पाहून रामराम घालू लागले. दुधवाला गाडीचा हॉर्न वाजवून जायचा. एकदा शेजारच्या वाडीतला एक पाहुणा पांधणीवरूनच ओरडून निमंत्रण देऊन गेला, की पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा आहे, घरदार घेऊन जेवायला या. आम्हाला पत्ताच नाही. पुढे बाजारात तो माझ्या नवऱ्याला भेटला तेव्हा तोंड फिरवून उभा. "तुह्या बापाले कायचा एवढा माज आला बे? इतक्या जोरानं हाका मारल्या, हूं नाई का चूं नाई!" खरं कळलं तेव्हा तो तिथेच बाजारात खाली बसून हसला. बाबा मात्र हळहळले, कारण त्या साक्षगंधात म्हणे बुंदी फार चांगली झाली होती.

इथवर सगळी मजाच होती. आता जे सांगणार आहे त्याला मात्र एक जुनं भांडण सांगितल्याशिवाय गती नाही, आणि ते भांडण माझ्याच लग्नातलं आहे.

बाबांचे एक थोरले भाऊ. आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणतो. माझ्या लग्नात आमच्या मांडवात नवरदेवाकडच्या मोठ्या माणसांना शेला-टोपी देणं चाललं होतं. माइकवर नावं पुकारायला माझा मामा. त्या शहाण्याने आधी बाबांचं नाव घेतलं, मग त्यांच्या दोन दोस्तांचं, आणि मग मोठेबाबांचं. थोरल्याचा मान चौथ्या नंबरावर! मोठेबाबा उठलेच नाहीत. लोक विनवायला लागले. तेव्हा बाबा सगळ्या मांडवासमोर बोलून गेले, "घे ना दादा, काय लहान पोट्ट्यासारखं करून राह्यला!" मोठेबाबा न जेवता निघून गेले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

अकरा वर्षं! घराला घर लागून, धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून, विहीर एकच. बोलायचं झालं तर मध्ये कुणीतरी लागायचं. "त्याले सांग, मोटर बंद कर मना." आणि तो 'तो' चार हातांवर बसून स्वतः ऐकत असायचा! सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशी दोघांची जात. बाबा म्हणायचे, तो थोरला, त्यानं आधी बोलावं. मोठेबाबा म्हणायचे, तो चुकला, त्यानं आधी बोलावं. मधल्यामध्ये मी. नवरी माझ्याच मांडवातली, मामा माझाच. त्यांचं न बोलणं पाहिलं की मला वाटायचं, हे मी हुंड्यात आणलं.

दोन वर्षांपूर्वी मोठेबाबांची बायको, आमच्या मोठ्या आई, गेल्या आणि मोठेबाबा एकटे पडले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चूल पेटवताना हात भाजून घ्यायचे. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला. त्याने सांगितलं, दिवाळीला येतो आणि भाऊबीज झाली की सोमवारी तुम्हाला घेऊनच जातो, आता तिथेच राहायचं. गावभर झालं. बाबांनी ते ऐकलं त्या दिवशी भाकर अर्धी टाकून उठले. मला म्हणाले, "जाऊ दे. माह्यं काय जाते?" आणि मग दिवसभर गोठ्यात काहीतरी खुडबूड करत राहिले. मला दिसत होतं. त्यांना एकच पाहिजे होतं, दादाने जाण्याआधी एक शब्द बोलावा. आणि स्वतः आधी बोलायला जीभ रेटत नव्हती.

त्या दिवाळीत अवकाळी पाऊस आला, वाऱ्यासकट. शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी पक्कड, ट्यूबच्या पट्ट्या आणि दाभण घेऊन शेतात गेले. जनावरं सरावू नयेत म्हणून पावसाच्या आदल्याच दिवशी मी बुजगावणं धुऱ्याच्या कडेला आणून रोवलं होतं. ते पडलेलं नव्हतं, हे आधी सांगते. फक्त नळीचा सांधा ढिला झाला होता आणि कोपरातली वायर सुटली होती. तूर माझ्या डोक्याच्या वर गेलेली, फुलावर आलेली. मी बुजगावण्याच्या मागे तुरीत उकिडवी बसले, वायरचं टोक खाली ओढून घेतलं आणि सांधा आवळत होते.

तेवढ्यात धुऱ्यावर काठी वाजली. मोठेबाबा रोज त्या वेळेला आपल्या वावरात चक्कर मारायचे. येता येता ते थांबले. मला वाटलं दम घेत असतील.

"ऐकून राह्यला का?" ते म्हणाले.

मी इकडेतिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. ते बुजगावण्याकडे तोंड करून उभे होते.

"मी सोमवारी जाऊन राह्यलो. परत येनं होते का नाई, काई सांगता येत नाई."

माझ्या हातातली पक्कड तशीच राहिली. ते बाबांशी बोलत होते. अकरा वर्षांनी बोलत होते, आणि समोर माझी तेलाची कॅन!

"तुही वहिनी गेली तवा तू दारापर्यंत आला होता. म्या पाह्यलं. उंबऱ्याबाहेरच उभा राह्यला. म्याच म्हनाले पायजे होतं, आत ये म्हनून. नाई म्हनलं. चुकलं माह्यं." त्यांनी काठीवर दोन्ही हात टेकले. "बोल ना काई. हूं तरी मन."

क्लचवायरचं टोक माझ्या हातात होतं. खोटं कशाला सांगू, मनात आलं. ओढली असती तर बुजगावण्याचा हात वर झाला असता, म्हाताऱ्याचं समाधान झालं असतं. पण नाही ओढवली. एवढ्या मोठ्या माणसाने जीव काढून समोर ठेवला, त्याला मी दोरीवरचा हात दाखवू? आणि उठून उभं राहावं तर तेही होईना. सुनेने ऐकलं, तेही बुजगावण्याशी बोलताना, हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी पुन्हा मान वर केली नसती. मी श्वास धरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाचा मला राग आला. कशाला इतकं हुबेहूब करायचं होतं, बाई?

"बरं," मोठेबाबा म्हणाले. "नको बोलू." दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि आले तसे परत गेले. वावरात चक्करही मारली नाही.

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. बाबा ओसरीत सुतळी वळत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि शब्दन् शब्द सांगितला.

"चुकलं माह्यं, असं मनला?" बाबांनी विचारलं. "दादा मनला? त्याच्या तोंडानं?" त्यांचा चेहरा आधी फुलला. जिंकल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मग हातातली सुतळी थांबली. "अन मी काय मनलं?"

"तुम्ही कुठे होतात, बाबा? तुम्ही काहीच नाही म्हटलं."

"म्हंजे तो एवढा बोलला, अन मी काईच नाई मनलं," बाबा म्हणाले. आणि माझ्या सासऱ्यांना मी पहिल्यांदा रडताना पाहिलं.

मी म्हटलं, "चला, आत्ताच जाऊ. सांगू की ते बुजगावणं होतं." तर माझ्यावरच खेकसले. "येडी झाली काय? सत्तरीच्या वरचा मानूस बुजगावन्याशी बोलला, हे गावात झालं तं गाडीत मान खाली घालून बसन तो. त्याले मरेस्तोर हे कळू द्याचं नाई. तुह्या नवऱ्यालेबी सांगू नोको." मग डोळे पुसले आणि हुकूम सोडला. "सकाळी चाल वावरात. त्याच्या आंगातला सदरा काढून मले दे."

"बाबा, तुमचे धुतलेले चार सदरे घरात आहेत."

"कालचाच पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेतात गेलो आणि माझा टिकाऊपणा आडवा आला. एरवी निवांत बसून उसवते, पण त्या दिवशी घाईत सदरा निघेना! दुहेरी टाके, नायलॉनचा दोरा, मीच घातलेले. ब्लेडने एकेक टाका उसवत बसले. बाबा डोक्यावर उभे. "एवढं कायले शिवतं वं बाई? मानूस पळून जाते का?" मी म्हटलं, "ओरडू नका, बोट कापेल." टोपी तर कॅनच्या तुकड्यासकट निघाली. अर्ध्या तासाने बाबा तो ओलसर सदरा घालून, दुपट्टा टाकून नळीच्या जागी उभे राहिले. उजवीकडे कलायला सांगावं लागलं नाही. उघडा सांगाडा मी तुरीत आडवा टाकला आणि त्याच्याजवळ दडून बसले.

मोठेबाबा आले. काठी जरा जोरात वाजत होती. त्यांनी आमच्या वावराकडे बघितलंच नाही. मान पलीकडे वळवून धुऱ्याने सरळ पुढे. मी मनात म्हणते आहे, बोला, बाबा, बोला. मोठेबाबा पाच पावलं पुढे गेले, दहा गेले. आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

"दादा!"

काठी थांबली.

"काल मी बोललो नाई, दादा. तोंडच उघडलं नाई माह्यं."

मोठेबाबा वळले. "पाह्यलं ना म्या. गोट्यासारखा उभा होता."

"होतो," बाबा म्हणाले. "गोट्यासारखाच उभा होतो. मांडवात तुले तसं बोललो, तवापासून तसाच उभा हाव. माफ कर."

मोठेबाबांनी काठीने धुरा चाचपला आणि हात पुढे केला. बाबा दुखऱ्या गुडघ्याने लंगडत गेले आणि त्यांना हाताला धरून अलीकडे घेतलं. मी तोंडात पदर कोंबून बसले होते. मोठेबाबांनी धाकट्याची बाही चाचपली. "सदरा काहून ओला तुहा?"

"दहिवर पडलं सकाळी."

"अन हे काय पायात येऊन राह्यलं?"

"ठिबकचे पाइप हायेत. इकडून चाल." बाबांनी त्यांना सांगाड्याला वळसा घालून काढलं, माझ्यापासून दोन हातांवरून.

पाऊलभर पुढे जाऊन मोठेबाबा थांबले. आवाज खाली केला. "काल म्या जे मनलं ते... दुसऱ्या कोनी आयकलं तं नाई ना?"

"कोनी नाई, दादा," बाबा म्हणाले. "मी एकटाच होतो."